त्रेचाळीस नावांचा हंगाम

कारखान्याचा बॉयलर पेटला की चार-पाच दिवसांत आमच्या गावाच्या हवेला वास येतो. आधी गोडसर, काकवीसारखा. मग तो आंबतो, जड होतो आणि दारावरचे आकाशकंदील उतरेपर्यंत मळीचा कुबट दर्प घराघरांत शिरून बसतो. दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे बारीक ठिपके पडतात. रस्त्याने उसाच्या दुहेरी ट्रॉल्या डुलत जातात, मागे सांडलेल्या कांड्यांवर गाई तोंड घालतात. बाहेरून आलेला पाहुणा नाकाला रुमाल लावतो तेव्हा इथली माणसं हसतात, कारण त्यांना हा वास येतच नाही. मलाही वीसेक वर्षं येत नव्हता. तीन हंगामांपूर्वी यायला लागला.

काल तो पुन्हा आला. सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभी होते. कप तसाच बेसिनमध्ये ओतला.

माझं माहेर मिरजगावच्या पलीकडचं, कोरडवाहू भागातलं. दसरा झाला की आमचं अर्धं गाव ट्रकमध्ये बसायचं आणि जिल्ह्याच्या उत्तरेला, पाटाच्या पाण्याकडे निघून जायचं. शाळेत माझ्या बाकावरच्या दोघी पाडव्यापर्यंत दिसायच्या नाहीत. मी मात्र तिथेच राहिले, शिकले, नगरला संगणकाचा अभ्यासक्रम केला आणि नोकरी लागली ती नेमकी त्या उसाच्या पट्ट्यात. एका ट्रस्टच्या साठ खाटांच्या रुग्णालयात, संगणक विभागाची प्रमुख म्हणून. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक एसी, आणि त्या एसीसमोर गुरगुरणारा सर्व्हर.

माझं काम सांगायला सोपं आणि दिसायला काहीच नाही. रुग्णांची माहिती ज्याला गरज आहे त्यालाच दिसावी. बाकी कुणाला दिसू नये, कुणी ती बदलू नये, ती हरवू नये. एवढंच. पण हे काम नीट झालं की काही घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणजे ही बाई काही करत नाही असं लोकांना वाटतं. मी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देण्याचा प्रस्ताव चार वेळा दिला होता. आमचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे, ते चारही वेळा हसले होते.

"मॅडम, आपल्याकडे काय अणुबॉम्बचे नकाशे आहेत का? खोकला, ताप आणि बाळंतपणं. कोण चोरणार आहे?"

त्यामुळे स्वागतकक्षाचा एकच पासवर्ड अकरा जण वापरत. तो रुग्णालयाच्या नावापुढे एक-दोन-तीन असा होता आणि तरीही कुणाला लक्षात राहत नसल्यामुळे कीबोर्डच्या खाली चिठ्ठीवर चिकटवलेला होता. मी चिठ्ठी काढायची, दुसऱ्या दिवशी नवी लागलेली असायची, पहिलीपेक्षा ठळक अक्षरात. एकच गोष्ट मी माझ्या मनाने करून ठेवली होती. रुग्णालयात कुठलाही कागद छापला की त्याच्या तळाशी बारीक अक्षरात उमटायचं: कुणाच्या नावाने, कोणत्या संगणकावरून, किती वाजता. साहेबांनी 'उगाच शाई जाते' म्हणून ते बंद करायला सांगितलं होतं. मी विसरल्याचं सोंग केलं.

त्या हंगामात आम्ही पहिल्यांदा ऊसतोडणीच्या बायकांसाठी शिबिर घेतलं. कल्पना आमच्या तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. मेघा यांची. कारखाना साफसफाईसाठी एक दिवस बंद असतो, त्या दिवशी कोप्यांवर जायचं ठरलं. कोप्या म्हणजे उसाच्या पाचटाच्या, प्लास्टिकचा कागद ओढलेल्या झोपड्या, कालव्याच्या कडेला ओळीने उभ्या. आत वाकून जावं लागतं, बाहेर चुलीवर काळं पातेलं, बैलांचं शेण, आणि दिवसभर ओल्या उसात उभं राहून कातरलेले पाय. मी एका खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले. नाव, गाव, वय, फोन, तक्रार. बायका लांब उभ्या होत्या. पुढे यायला कुणी तयार नाही.

मग मी माझ्या गावाकडच्या बोलीत बोलायला लागले. "या की गं, भ्याला काय झालं? मी मिरजगावाकडची हाय." एकीने दुसरीला ढकललं, हसू फुटलं, आणि रांग लागली.

द्वारका त्या रांगेत सातवी की आठवी होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. किडकिडीत, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, डाव्या अंगठ्यावर कोयत्याची जुनी खूण. गाव माझ्या गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. तक्रार विचारली तशी ती खाटेच्या कडेला टेकली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"तिसरा चालूय. अगुदर दोनदा गेलं, फडातच. मोळी उचलून ट्रॉलीवर चढताना. ह्ये मला ठिवायचंय, बाई."

मी ते टाइप करायला लागले तसा तिने माझा हात धरला.

"ह्ये कुनाला दिसंल व्हय? मुकादमाला कळलं तर लावून देतो तो. पोटुशी बाई नगं म्हनतो टोळीत."

मी हसले. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या तोंडावर मारावंसं वाटतं. जाणत्या माणसाचं, समजूत घालणारं, शहाणं हसू. म्हणाले, "कुणाला दिसत नाही. कॉम्प्युटरला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडं हाय."

तिने हात सोडला. मी शेऱ्यात लिहिलं: तीन महिने, आधी दोनदा गर्भपात, जड उचलू नये.

त्या दिवशी त्रेचाळीस बायकांची नावं झाली. कुणाची गर्भाची पिशवी काढलेली, पंचवीस-तिशीत. कुणाला अंगावरून जातं ते वर्षानुवर्षं कुणाला सांगितलेलं नाही. एकीला नवऱ्याच्या मारामुळे ऐकू कमी येत होतं. तिने तेही सांगितलं. संध्याकाळी निघताना बायकांनी जीपमध्ये वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, एक पेंढी टाकली. "गाय हाय का तुमच्यात?" म्हणून विचारलं. माझ्याकडे गाय नव्हती, पण पेंढी मी घेतली. परतीच्या वाटेवर डॉ. मेघा खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "किती पटकन विश्वास टाकला हो त्यांनी." मला अभिमान वाटला. तो शब्द लिहितानाही आता तोंड कडू होतं.

बारा-तेरा दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, द्वारका माझ्या जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभी राहिली. कडेला गाठोडं. शिपाई तिला हाकलत होता, मी त्याला थांबवलं. आत ये म्हटलं तर ती उंबऱ्याच्या आत आली नाही. कमरेच्या पिशवीतून चार घड्या केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"बाई, तुमी म्हनल्या हुत्या कुलूप हाय."

कागद आमचा होता. वर रुग्णालयाचं नाव, खाली त्रेचाळीस ओळी. नाव, गाव, वय, तक्रार, शेरा. माझेच शब्द, माझ्याच शुद्ध मराठीत.

आदल्या दिवशी, तिने सांगितलं, फड लवकर संपला होता. टोळीला उचल देऊन कामावर आणणारा मुकादम मोटरसायकलवरून कोप्यांवर आला, सगळ्यांना गोळा केलं आणि ही यादी मोठ्याने वाचायला लागला. बायका, त्यांचे नवरे, सासरे, दीर, शेजारच्या टोळीतले गडी, सगळे उभे. एकेक नाव घ्यायचा, मग तक्रार वाचायचा, मग थांबायचा. माणसं हसायला लागली. ज्या बाईने अंगावरून जातं म्हणून सांगितलं होतं तिच्या नावावर कुणीतरी शिट्टी मारली. ऐकू कमी येणाऱ्या बाईच्या नवऱ्याने सगळ्यांदेखत तिला विचारलं, "मी मारतो म्हनून सांगितलंस व्हय गं?" पुढे काय झालं ते द्वारकाने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"माझ्या नावाला आला तसा म्हनला, एक तर साफ करून घे, न्हाईतर गाठोडं उचल." तिने मान खाली घातली नव्हती. "मी उचललं."

"आणि तुझे मालक?"

"त्यांना ठिवून घेतलं त्यानं. दुसऱ्या बाईसंगं जोडी लावली तोडायला. ही यादी त्याच्या गाडीवरनं पडली, मंग मी घेतली."

ती बोलत होती तेव्हाच माझी नजर कागदाच्या तळाशी गेली होती. बारीक अक्षरं जागेवर होती. लॉगिन: स्वागतकक्ष. संगणक क्रमांक चौदा. वेळ दुपारी चार चाळीस.

चौदा नंबरचा संगणक साहेबांच्या दालनात आहे. दुसरा कुणी तिथे बसत नाही.

म्हणजे मला तेव्हाच, त्या क्षणी, कळलेलं होतं. समोर द्वारका उभी होती. मी काय म्हणाले? म्हणाले, "मी चौकशी करते." एवढी वर्षं सरकारी-निमसरकारी वाक्यं कानावर पडून ती आपल्या तोंडून आपोआप यायला लागतात.

तिने चौकशीचं काही विचारलं नाही. म्हणाली, "माझं नाव त्यातनं पुसा."

मी तिला स्क्रीन दिसेल अशी वळवली आणि तिच्यासमोर ते नाव पुसलं. ती अक्षरं जाईपर्यंत बघत राहिली. मग कागद माझ्या टेबलावर ठेवला, गाठोडं उचललं आणि गेली. तीन महिन्यांच्या वर गेलेलं पोट. मी मागून धावले, एसटी स्टँडपर्यंत सोडते म्हटलं. "नगं," म्हणाली, आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेने चालायला लागली. उसाची एक ट्रॉली तिला घासून गेली.

स्वागतकक्षात जयश्री बसायची. तिला बाजूला घेतलं तर ती रडायलाच लागली. "साहेबांनी पासवर्ड विचारला, मी सांगितला. कीबोर्डखालीच तर होता मॅडम. मला काय माहीत कशाला पाहिजे?"

मी कागद घेऊन वर गेले. साहेब फोनवर होते. बोलणं संपेपर्यंत मला उभं ठेवलं, मग कागद पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. मी त्या चेहऱ्याकडे इतकी बघत होते, पण काहीच नाही.

"हो, मीच दिली. मुकादम आले होते. म्हणाले, टोळीत कोण आजारी आहे ते कळलं तर काळजी घेता येईल. त्यांचीच माणसं आहेत, मॅडम. आपण मध्ये कोण?"

"त्यांनी ती सगळ्यांसमोर वाचली, साहेब."

"ते त्यांनी चुकीचंच केलं." एवढं म्हणून त्यांनी घंटी वाजवून चहा सांगितला. दोन.

त्या चहावर तरंगणारी साय मला आठवते. मी घेतला नाही, पण निघूनही गेले नाही.

किळस म्हणजे नेमकं काय, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. राग वेगळा. राग आला की माणूस बोलतो, आपटतो, मोकळा होतो. किळस मोकळी करत नाही. ती चिकटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्याची किळस येते त्याच्यापासून आपण लांब आहोत अशी खात्री देता येत नाही. आपल्याही हाताला वास येतो की काय, म्हणून माणूस सारखा हात हुंगत राहतो.

माझ्या हाताला वास लागला तो आठ दिवसांनी. यादीची कुणकुण एका वार्ताहराला लागली होती. साहेबांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं. टेबलावर माझा जुना प्रस्ताव होता, चारही वेळा नाकारलेला. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, नवा सर्व्हर, बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर पहारा ठेवणारी यंत्रणा, दोन माणसांची भरती, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. त्यांनी त्यावर पेन टेकवून ठेवलं.

"हे सगळं मी आज मंजूर करतो. तुमचं बरोबर होतं, मी ऐकलं नाही. फक्त अहवालात एवढंच लिहा की सर्व्हरवर बाहेरून हल्ला झाला. सगळीकडे होतात ते. कुणाला दोष नाही. आणि विचार करा मॅडम, पुढे किती हजार रुग्णांची माहिती सुरक्षित राहील."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासाठीच घडवून ठेवलं होतं. मी घरी गेले, दोन दिवस तेच चघळलं. गेलेल्या त्रेचाळीस एका पारड्यात, येणारे हजारो दुसऱ्यात. किती छान दिसतो तो तराजू. तिसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. अडीच पानं. त्यात परदेशातून आलेले संशयास्पद प्रयत्न होते, जुन्या प्रणालीतील त्रुटी होती, तांत्रिक शब्दांची अशी दाट झाडी होती की आत माणूस दिसूच नये. खाली सही. त्या झाडीत मी चौदा नंबर पुरला.

उन्हाळ्यात नवी यंत्रणा आली. संगमनेरहून तंत्रज्ञ आले, राहुरीच्या विद्यापीठातून एका तज्ज्ञांना पाहुणे म्हणून बोलावलं. सर्व्हरला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. पासवर्डची चिठ्ठी आता कुठे दिसली की दंड होता. आत कोण आलं, काय पाहिलं, काय छापलं, सगळं सगळं नोंदलं जाणार होतं. मी जे स्वप्न वीस वर्षं पाहिलं ते जिन्याखाली हिरवे दिवे लुकलुकवत उभं होतं, आणि मला त्या खोलीत बसवत नव्हतं. पेढा मी पर्समध्ये कागदात गुंडाळून ठेवला. चार दिवसांनी पर्स उघडली तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या.

भावाकडून फोनवर कळलं, द्वारकाला मुलगी झाली. तिच्या आईच्या घरी. दोघी सुखरूप. थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली. जणू तिने तिकडे एकटीने जे निभावलं त्यातला काही वाटा माझ्या नावावर जमा झाला होता.

पुढच्या हंगामात डॉ. मेघांनी पुन्हा शिबिर लावलं. जीप गेली, खाट मांडली. एकही बाई पुढे आली नाही. कोप्यांच्या दारांत उभ्या राहून बघत होत्या. आम्ही दीड तास बसलो. शेवटी एका म्हातारीने डॉक्टरांना सांगितलं, "बाय, तुझी दवा चांगली आसंल. पन तुमी लिवून घेता आन् चावडीवर वाचता." यादी कोप्यांवर वाचली गेल्याचं डॉ. मेघांना माहीत नव्हतं. माझा अहवाल त्यांनी वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्या थेट विश्वस्तांकडे गेल्या.

विश्वस्तांनी ठरवलं की त्रेचाळीस जणींना माफीचं पत्र पाठवायचं. मजकूर माझ्या अहवालावरून तयार झाला; नावं मी दिली, पुसलेलं द्वारकाचं नाव हाताने लिहून. 'संगणकप्रणालीवर अज्ञात व्यक्तींनी केलेल्या हल्ल्यामुळे आपली माहिती उघड झाली, याबद्दल संस्था दिलगीर आहे.' पाकिटं भरली गेली. मी जावक रजिस्टर सहज चाळत होते तर नोंद दिसली: पत्रे त्रेचाळीस, हस्ते मुकादम.

मला आधी अर्थच लागेना. मग कार्यालयात विचारलं तर लिपिक म्हणाला, "मॅडम, बायकांचे पत्ते कुठे आहेत? टोळीचा पत्ता म्हणजे मुकादमच. साहेब म्हणाले त्यांच्याकडेच द्या."

मुकादम कारखान्याच्या फाटकासमोर, उसाच्या गाड्यांची रांग लागते तिथल्या हॉटेलात मिसळ खात होता. गठ्ठा त्याच्या ताटाशेजारी. वरच्या पाकिटावर तर्रीचा डाग पडला होता. एक पाकीट फोडलेलं होतं.

"म्याडम, तुमी कशाला तरास घेता?" तो खरोखरच आपुलकीने म्हणाला. "मी वाटतो की. आपलीच मानसं हायेत."

मी गठ्ठा उचलला. तो हसत राहिला. त्याने विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला त्यात विरोध करण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्या रविवारी मी मिरजगावला उतरले. भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता, त्याच्या मागे बसून द्वारकाच्या गावी गेले. तिचं घर वस्तीवर, बाभळीच्या कुंपणात. अंगणात ती तुरीच्या शेंगा सोलत होती, शेजारी मुलगी बसून शेंगा तोंडात घालत होती. मला पाहिलं. उठली नाही.

आमच्याकडे दारात वैरी आला तरी त्याला चहा विचारतात. तिने विचारला नाही. तिची आई आतून डोकावली, पोरीचा चेहरा पाहिला आणि परत आत गेली. मी जमिनीवर बसले आणि पाकीट पुढे केलं.

"वाचून दावा," द्वारका म्हणाली. "मला वाचता येत न्हाई."

मी वाचलं. अज्ञात व्यक्ती. हल्ला. दिलगीर. उघड्या अंगणात ते शब्द मला कुणा परक्याच्या तोंडून येताहेत असे ऐकू आले. ती शेंगा सोलायची थांबली नव्हती.

"म्हंजी चोर बाहिरनं आला?"

मी पत्र मांडीवर ठेवलं.

"बाहिरच्या चोराला आमची नावं कशाला पायजे हुती, बाई? कोन पोटुशी हाय, कुनाची पिशवी काढलीय... त्याला काय करायचं त्याचं?" आता तिने माझ्याकडे पाहिलं. "ज्याला उपेग हाय त्यानंच नेलं आसंल ना. आन् ज्याच्याजवळ हुतं त्यानंच दिलं आसंल. कुनी दिलं ते ह्यात न्हाई लिवलं."

माझ्या अडीच पानांना ते झाकायला जमलं नव्हतं असं नाही. विश्वस्त फसले, वार्ताहर फसला, शिकलेल्या डॉक्टरीणबाई फसल्या. शेंगा सोलता सोलता तिने दोन वाक्यांत ते उचकटून टाकलं.

मी पर्समधून पेन काढलं. त्याच पत्राखाली, मोकळ्या जागेत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. ही माहिती कुणी चोरली नाही. आमच्या व्यवस्थापकांनी ती मुकादमाला दिली. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. तरी मी खोटा अहवाल लिहिला. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

माझा भाऊ मागे उभा होता. "ताई," एवढंच म्हणाला.

द्वारकाने कागद घेतला, उलटसुलट पाहिला, पोरीच्या हाताला लागू नये म्हणून छपराच्या वळचणीला खोचला. "बरं," म्हणाली. मी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून बसून राहिले. मग उठले.

उरलेल्या बेचाळीस पत्रांवरही मी तेच लिहिलं. तोवर बऱ्याचशा जणी वेगवेगळ्या फडांवर होत्या. सुट्टीच्या दिवशी कोप्या धुंडाळत, ज्या सापडल्या त्यांना हातात दिलं, वाचून दाखवलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी चुलीत घातलं. एकीने माझ्यासमोर थुंकलं. ऐकू कमी येणारी बाई शेवटपर्यंत सापडली नाही. ती नवऱ्याकडे नाही एवढं कळलं.

त्यातल्या पाच जणी, द्वारकासकट, पत्रं घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. मग संस्थेची पळापळ झाली आणि चौकशी समिती नेमली गेली.

काय निष्पन्न झालं ते थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. साहेबांनी प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला. त्यांना शाल दिली. आता ते दुसऱ्या एका संस्थेत आहेत, तिथेही व्यवस्थापक. मुकादमाला आमच्या कारखान्याने बंद केलं, तर तो नदीपलीकडच्या कारखान्याला टोळ्या पुरवतो. पोलिसांकडचं प्रकरण चालू आहे, तारखा पडतात, द्वारका दर वेळी येते. मला प्रमुखपदावरून काढलं. त्याच खोलीत, मी भरती केलेल्या मुलीच्या हाताखाली मी आता काम करते. ती हुशार आहे, मला मान देते, आणि मी छापलेला प्रत्येक कागद तपासते. तपासलाच पाहिजे.

शिबिराला आता नावं लिहून घेत नाहीत. डॉ. मेघांनी ते बदललं. बाईला एक क्रमांक मिळतो, तिचा तपासणीचा कागद तिच्याजवळच राहतो, आमच्याकडे क्रमांकापलीकडे काही नाही. इतकी साधी गोष्ट. त्याला ना नवा सर्व्हर लागला ना नारळ. मागच्या हंगामात नऊ जणी आल्या. यंदाचं शिबिर पुढच्या आठवड्यात आहे. वास येतोय. कालपासून जेवण जात नाही.

चौकशीतला एक प्रसंग मात्र सांगायचा राहिला. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, सभ्य, हळू बोलणारे. त्यांच्यापुढे दोन कागद होते. माझा अडीच पानी अहवाल आणि पेनाने खरडलेलं एक पत्र. त्यांनी दोन्ही सह्या बोटाने दाखवल्या.

"मॅडम, यातली कुठली खरी धरायची?"

"दोन्ही माझ्याच आहेत."

"पहिली तुम्ही दडपणाखाली केलीत, असं आम्ही समजू का? नोकरी जाण्याची भीती वगैरे?" ते मला वाट काढून देत होते. शेजारी लिपिकाची बोटं कीबोर्डवर तयार होती.

"नाही साहेब," मी म्हणाले. "भीती नव्हती. मला ती यंत्रणा पाहिजे होती. हाव होती. तसंच लिहून घ्या."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. लिपिकाकडे पाहून किंचित मान हलवली. लिपिकाने हात मांडीवर घेतले.

ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणून इथे लिहिलं.